स्त्रिया कमावू लागल्या म्हणून जन्मदर घटला, एवढे म्हणणे पुरेसे आहे का?

साक्षेपी यांचा प्रश्न

गेल्या महिन्यात आमच्या वाचनगटात लोकसंख्येवर चर्चा झाली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०२४च्या अंदाजानुसार जगाचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी होणाऱ्या अपत्यांची संख्या, २.२५वर आला आहे आणि निम्म्याहून अधिक देशांत तो लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी लागणाऱ्या २.१च्या खाली गेला आहे. १९५०च्या दशकात हाच आकडा पाचच्या घरात होता. येथवर सर्वांचे एकमत होते. वाद सुरू झाला तो कारणापाशी. एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे पडले की मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, लग्नावाचून त्यांचे अडेनासे झाले, म्हणून लग्ने लांबली आणि मुले कमी झाली. यात गूढ असे काही नाही. त्यावर एका तरुण सभासद बाईंनी शांतपणे विचारले, "पुरुष तर शतकानुशतके कमावत होते, मग त्यांचे लग्नावाचून का अडत होते?" चर्चा पुढे चालू राहिली, पण माझ्यापुरती ती त्या प्रश्नापाशीच अडकून पडली आहे.

त्यानंतर मी जमेल तेवढे वाचले. ज्येष्ठ सभासदांच्या मताला अर्थशास्त्रात भक्कम आधार आहे, हे आधी मान्य करतो. १९९२चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या गॅरी बेकर यांनी कुटुंबाकडे श्रमविभागणीची संस्था म्हणून पाहिले होते. एकाने बाहेर कमवायचे, दुसऱ्याने घर सांभाळायचे, आणि या वाटणीत दोघांचाही फायदा व्हायचा. स्त्रीचे वेतन वाढले की मूल वाढवण्यासाठी तिला ज्या मिळकतीवर पाणी सोडावे लागते तीही वाढते, म्हणजे मूल महाग होते आणि लग्नातून होणारा फायदा आटत जातो. युक्तिवाद नेटका आहे आणि बराच काळ तो आकड्यांशी जुळतही होता.

पण हे गणित आजही तसेच लागू असेल, तर ज्या श्रीमंत देशांत स्त्रिया सर्वांत जास्त कमावतात तेथे मुले सर्वांत कमी व्हायला हवीत. प्रत्यक्षात २०२३ साली देशांच्या यादीत तळाला होता तो ०.७२ जननदराचा दक्षिण कोरिया, आणि ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेत स्त्री-पुरुषांच्या वेतनातील सर्वांत मोठी तफावत, सुमारे तीस टक्क्यांची, त्याच देशात आहे. स्वीडनमध्ये नोकरी करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण कितीतरी अधिक असूनही त्याच वर्षी तेथील जननदर १.४५, म्हणजे कोरियाच्या दुप्पट होता. समानता आली की मुलेही होतात असा निष्कर्ष काढून मी वही मिटणार, तोच फिनलंडचे आकडे समोर आले. २०१० साली १.८७ असलेला तेथील जननदर २०२३पर्यंत १.२६वर घसरला आहे, आणि या तेरा वर्षांत फिनलंडमधील समानता कमी झाली असे कोणीही म्हणत नाही.

तेव्हा जाणकारांना विचारायचे आहे ते असे: स्त्रियांचे काम आणि घटते विवाह व जन्म यांच्यात नेमके नाते कोणते? विषमता हे कारण धरायचे तर फिनलंडचे काय करायचे, आणि समानता हे कारण धरायचे तर कोरियाचे काय करायचे? कृपया केवळ मत न देता त्यामागची यंत्रणाही उलगडून सांगावी, कारण पुढच्या बैठकीत मला यावर बोलायचे आहे आणि त्या ज्येष्ठ सभासदांचे वाचन माझ्यापेक्षा बरेच जास्त आहे.

उणेअधिक यांचे उत्तर

साक्षेपी, आपण सांगितलेल्या दोन्ही अडचणी खऱ्या आहेत, पण त्या एका जातीच्या नाहीत, म्हणून त्यांची उत्तरेही वेगवेगळी द्यावी लागतील. मी अर्थशास्त्र शिकवतो, आणि हा विषय निघाला की फळ्यावर आधी एक आलेख काढतो. आडव्या अक्षावर स्त्रियांचा रोजगार, उभ्या अक्षावर जननदर, आणि ठिपके श्रीमंत देशांचे. १९७०च्या आकड्यांवर रेषा काढली तर ती खाली उतरते. जेथे स्त्रिया अधिक संख्येने नोकरीत, तेथे मुले कमी. १९८०च्या दशकात ती आडवी होऊ लागते आणि २००० सालचे आकडे घेतले तर तीच रेषा चढती दिसते. विद्यार्थ्यांना प्रथम वाटते की मी अक्ष उलटे मांडले. बेकर चुकले नव्हते. त्यांनी वर्णन केलेले जग त्यांच्या डोळ्यांदेखत बदलले. ज्या घरात वाटणी पक्की ठरलेली आहे, त्या घराचे त्यांनी केलेले वर्णन अचूक होते. वाटणी बदलू शकते, हा चलघटक त्यांच्या सूत्रात फारसा नव्हता.

या उलथापालथीचे मला सर्वांत पटणारे स्पष्टीकरण लोकसंख्याशास्त्रज्ञ पीटर मॅकडोनल्ड यांनी २००० साली दिले. समाजात संस्था दोन प्रकारच्या असतात. शाळा, परीक्षा, मतदान, नोकरी या ठिकाणी स्त्रीशी एक स्वतंत्र व्यक्ती म्हणून व्यवहार होतो. घर, नातेसंबंध, करव्यवस्था, वृद्धांची आणि मुलांची देखभाल या ठिकाणी ती कोणाची तरी पत्नी, आई किंवा मुलगी म्हणून मोजली जाते. पहिल्या प्रकारच्या संस्थांत समानता वेगाने आली आणि दुसऱ्या प्रकारच्या संस्था जागच्या जागी राहिल्या, तर जननदर फार खाली जातो. दोन्हीकडे विषमता असेल तर स्त्रीला निवडच नसते, म्हणून मुले होतात. दोन्हीकडे समानता येऊ लागली तर निदान तिला एकाच्या बदल्यात दुसरे गमवावे लागत नाही. गोची होते ती मधल्या अवस्थेत, आणि दक्षिण कोरिया त्या अवस्थेचे पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. तेथील २०१९च्या कालवापर पाहणीत, पती-पत्नी दोघेही कमावतात अशा घरांत पत्नी दिवसाला ३ तास ७ मिनिटे घरकामात घालवत होती आणि पती ५४ मिनिटे. ज्या मुलीने अठरा वर्षे मुलांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांच्या पुढे राहून अभ्यास केला, तिला हे दोन आकडे लग्नाआधीच ठाऊक असतात, कारण ती आईच्या घरी वाढलेली असते. १९९० साली कोरियन स्त्रीचे पहिल्या विवाहाचे सरासरी वय २४.८ होते, २०२३ साली ते ३१.५ झाले. याला कोणी स्वार्थ म्हणत असेल तर म्हणो. मला तो सारासार विचार वाटतो.

आता नोकरीच्या बाजूला येऊ, कारण दोष केवळ नवऱ्यांचा नाही. २०२३चे अर्थशास्त्राचे नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना मिळाले. त्यांनी दाखवून दिलेली एक गोष्ट या चर्चेत सहसा राहून जाते. आज शिकलेल्या स्त्री-पुरुषांच्या वेतनात जो फरक उरला आहे तो समान कामाला असमान दाम दिल्यामुळे थोडा आणि कामाच्या घडणीमुळे जास्त आहे. काही व्यवसाय अधाशी असतात. आठवड्याला साठ तास आणि रात्री-अपरात्री हाकेला ओ देणाऱ्याला ते तीस तास काम करणाऱ्याच्या दुप्पट नव्हे, त्याहूनही बरेच अधिक देतात. अशा व्यवसायात असलेल्या दोघांनी मूल झाल्यावर कामाचे तास समसमान कमी केले तर घराचे एकूण उत्पन्न मोठे घसरते. एकाने अधाशी नोकरी धरली आणि दुसऱ्याने लवचिक, तर ते फारसे घसरत नाही. म्हणून भांडण न होता, दोघांच्या संमतीने, शहाणपणाने हिशेब करून विषमता घरात येते, आणि लवचिक नोकरी बहुतेक वेळा कोणाच्या वाट्याला जाते हे सांगायला नको.

या विषमतेची किंमत मोजलीही गेली आहे. हेन्रिक क्लेवेन आणि सहकाऱ्यांनी पहिल्या अपत्याच्या आधीची व नंतरची वर्षे धरून स्त्री-पुरुषांची मिळकत तपासली. पहिल्या अपत्यापर्यंत दोन्ही रेषा जवळपास समांतर चालतात. त्यानंतर पुरुषाची तशीच पुढे जाते आणि स्त्रीची कोसळते. डेन्मार्कमध्ये दीर्घकाळाची ही घट सुमारे २० टक्के आहे, जर्मनीत सुमारे ६० टक्के. डेन्मार्कसारख्या देशातही ती शून्य नाही, याची नोंद घ्यावी.

राहिले फिनलंड. नॉर्वेतही २००९ साली १.९८ असलेला दर २०२३ साली १.४०वर आला, त्यामुळे हा एकट्या फिनलंडचा प्रश्न नाही. तपशिलात पाहिले तर फिनलंडमधील घट मुख्यतः पहिल्या अपत्यांची आहे. एक मूल असलेल्यांनी दुसरे नाकारले, यापेक्षा अनेकांनी सुरुवातच केलेली नाही. पाळणाघर, रजा, वाटून घेतलेले घरकाम ही सारी व्यवस्था पालक झालेल्यांच्या मदतीला येते. पालक व्हावे की नाही, कोणाबरोबर व्हावे, हा निर्णय तिच्या अलीकडे होतो आणि तेथे अस्थिर नाती, घराचा प्रश्न, भविष्याबद्दलची धास्ती, आणि मुलाशिवायचे आयुष्यही चांगले असू शकते ही जाणीव, असे बरेच काही येते. यातील कोणत्या कारणाचा वाटा किती, यावर आमच्याकडे एकमत नाही. माझे मत एवढेच की विषमता जननदराला तळाशी ओढते, पण ती दूर केली की तो आपोआप वर उसळतो असे नाही. समानता हे खत नव्हे.

मधली सुट्टी यांचे उत्तर

उणेअधिक यांनी अधाशी नोकरीबद्दल लिहिले ते वाचून मला एक तक्ता आठवला. मी वीसेक वर्षे मनुष्यबळ विभागात काढली आणि शेवटची काही वर्षे बढत्यांच्या समितीत बसत होते. कंपनीचे नाव महत्त्वाचे नाही, कारण तो तक्ता थोड्याफार फरकाने सगळीकडे तोच असतो. त्यात कामगिरी, नेतृत्व वगैरे रकान्यांनंतर 'उपलब्धता' असा एक रकाना होता आणि त्याला दहापैकी गुण द्यायचे होते. एका वर्षी दोन जणांची नावे शेवटपर्यंत राहिली, एक बाई आणि एक गृहस्थ, दोघेही एकाच वर्षी रुजू झालेले, दोघांनाही सहा-सात वर्षांची मुले. कामगिरीत बाई पुढे होत्या. उपलब्धतेत बाईंना पाच आणि गृहस्थांना नऊ गुण मिळाले, बढती गृहस्थांना गेली, आणि त्या पाच गुणांवर माझीही सही आहे.

मुलाखतीच्या वेळी बाईंनी फोन टेबलावर पालथा ठेवला होता. तीनच्या सुमारास तो थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. समितीतील सगळ्यांनी तो पाहिला आणि सगळ्यांनी पाहिला नाही असे दाखवले. नंतर त्यांनी सांगितले की शाळेतून फोन होता, मुलाला ताप आला होता. शाळेच्या अर्जावर त्यांनी मुद्दाम वडिलांचा नंबर आधी लिहिला होता. तरीही फोन आईला आला. मला वाटले, हा योगायोग असेल. पुढे वाचनात आले की अमेरिकेत संशोधकांनी हजारो शाळांच्या मुख्याध्यापकांना आई-वडील दोघांचेही नंबर देऊन संपर्क साधायला सांगितले, तेव्हा वडिलांपेक्षा आईला फोन जाण्याची शक्यता १.४ पट निघाली. म्हणजे घरातल्या दोघांनी मनापासून वाटणी केली तरी बाहेरचे जग ती मोडून टाकते. घरकामाचे तास मोजता येतात. ताप आलाच तर फोन आपल्याला येणार, हे गृहीत धरून दिवसभर अर्धे लक्ष तिकडे ठेवणे कोणत्याही पाहणीत नीट मोजले जात नाही.

दुसरा मुद्दा रजेचा, आणि तो कोरडा असला तरी मला फार महत्त्वाचा वाटतो. बाळंतपणाच्या रजेचा पगार कोणी द्यायचा? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०००च्या १८३व्या करारात किमान १४ आठवड्यांची रजा सांगितली आहे आणि तिचा भार एकट्या मालकावर पडू नये, तो सामाजिक विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून उचलावा, असे तत्त्व घातले आहे. ते तत्त्व उगाच घातलेले नाही. भारताने २०१७ साली रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे केली, ती आकाराने उदार आहे. पण कर्मचारी राज्य विमा योजनेच्या बाहेर असलेल्या आस्थापनांत तिचा पूर्ण पगार मालकाच्या खिशातून जातो, आणि बापाला त्या कायद्यात एका दिवसाचीही रजा नाही. मुलाखतीला आलेली पंचविशीतली मुलगी लग्न झालेली आहे की नाही, हा प्रश्न कायद्याने विचारू नये असे सगळे म्हणतात. हिशेब मात्र डोक्यात चालूच असतो. खर्च सगळ्यांमध्ये वाटला आणि रजा दोघांना दिली, तर तो हिशेब निदान स्त्रीपुरता उरत नाही. स्वीडनने १९७४ साली प्रसूती रजेच्या जागी दोन्ही पालकांची रजा आणली, पण बाप ती आईच्या नावे करून मोकळे होत. म्हणून १९९५ साली एक महिना असा राखून ठेवला की तो दुसऱ्याला देता येत नाही, घेतला नाही तर बुडतो. २००२ साली दुसरा आणि २०१६ साली तिसरा महिना राखीव झाला. 'तुम्ही घेतली नाही तर बुडेल' हे वाक्य हाताशी असले की बॉसपुढे रजेचा अर्ज ठेवणे पुरुषाला किती सोपे जाते, हे मी समितीच्या त्या बाजूला बसून सांगू शकते.

त्या बाईंनी पुढच्या वर्षी नोकरी सोडली. दुसरे मूल झाले की नाही, ते मला ठाऊक नाही.

स्वल्पविराम यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, तरीही मला प्रश्नाच्या मांडणीवरच हरकत घ्यायची आहे. आपण सगळे असे बोलत आहोत की जणू स्त्रियांना समान वागणूक देण्याचे समर्थन जननदराच्या आलेखावरून करायचे आहे. उद्या भक्कम पुराव्याने सिद्ध झाले की समानतेमुळे मुले कमी होतात, तर काय करणार? नोकऱ्या काढून घेणार?

हा प्रश्न पोकळ नाही, कारण सरकारांनी तसे केलेले आहे. रुमानियाने १९६६ साली हुकूम काढून गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. जननदर एका वर्षात सुमारे १.९वरून ३.७वर गेला, मग लोकांनी चोरवाटा शोधल्या आणि काही वर्षांत तो पुन्हा खाली आला. मागे राहिले ते युरोपातील सर्वाधिक मातामृत्यू आणि अनाथाश्रमांतली मुले; १९८९च्या डिसेंबरात राजवट कोसळल्याबरोबर जे हुकूम रद्द झाले, त्यांत हा अगदी पहिल्या काहींपैकी होता. गोड बोलून केलेले प्रयत्नही पाहावेत. हंगेरीने करसवलती दिल्या, घरासाठी कर्जे दिली, २०२०पासून चार मुलांच्या आईला आयुष्यभर आयकर माफ केला. जननदर २०११ साली १.२च्या आसपास होता, २०२१पर्यंत सुमारे १.६ झाला आणि २०२४ साली पुन्हा १.४च्या खाली आला.

मी स्वतः चाळिशीची आहे, अविवाहित आहे, आणि माझ्या निर्णयात वेतनाची तफावत किंवा घरकामाचे तास यांचा वाटा किती होता हे मला प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. काही योग्य माणसे भेटली नाहीत. एक भेटला, तो म्हणाला की तुझी नोकरी 'चालू ठेवायला माझी हरकत नाही'. हरकत नसणे हे त्याच्या दृष्टीने औदार्य होते. तो वाईट माणूस नव्हता. पण त्याच्या नोकरीला माझी हरकत आहे की नाही, हा प्रश्न आमच्या दोघांपैकी कोणाच्याही डोक्यात तोपर्यंत आलेला नव्हता, आणि एकदा आला तो परत गेला नाही. साक्षेपींच्या गटातील त्या तरुण बाईंचा प्रश्न मला म्हणूनच नेमका वाटला. लग्नावाचून अडत होते ते दोघांचेही, फक्त पुरुषांचे अडणे कोणी अडणे म्हणून मोजले नाही, कारण त्यांना मिळणारी सेवा हिशेबातच धरलेली नव्हती. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आंतरराष्ट्रीय हिशेबपद्धतीत घरातल्यांसाठी केलेला स्वयंपाक, धुणीभांडी आणि संगोपन अजूनही उत्पादन म्हणून धरले जात नाही. १९७५ साली २४ ऑक्टोबरला आइसलंडमधील नव्वद टक्के स्त्रियांनी एक दिवस नोकरी आणि घरकाम दोन्ही बंद ठेवले, तेव्हा पुरुषांना मुले घेऊन कार्यालयात जावे लागले. एका दिवसात जे दिसले ते हिशेबाच्या वह्यांत कधी दिसले नव्हते.

रात्रपाळी यांचे उत्तर

बापाच्या बाजूने थोडे. मुलगी झाली तेव्हा मी तीन महिने रजा घेतली. माझ्या विभागात तोपर्यंत कोणी पुरुषाने ती घेतलेली नव्हती. पहिल्या आठवड्यात मी बायकोला 'मदत' करत होतो. अडीच महिन्यांनी ती कामावर परतली आणि एका दुपारी मुलगी दोन तास रडत राहिली. बाटली, लंगोट, पाळणा, खांदा, सगळे करून झाले. फोन हातात घेतला आणि लक्षात आले की मी बायकोला विचारणार आहे, 'आता काय करू?', आणि तिलाही ते ठाऊक नाही. तिला ते कधीच ठाऊक नव्हते, ती फक्त विचारायला कोणी नसल्यामुळे शिकत गेली होती. तो फोन मी केला नाही. त्या दिवसापासून 'मदत' हा शब्द आमच्या घरातून गेला. तीन महिन्यांनी कार्यालयात गेलो तेव्हा एका सहकाऱ्याने विचारले, "झाली का सुट्टी?"

मात्र या रजेमुळे मुले वाढतील अशी आशा धरणाऱ्यांसाठी एक अडचणीचा पुरावा मांडतो. स्पेनने २००७ साली बापांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली. संशोधकांनी रजा मिळालेली आणि तारीख थोडक्यात हुकलेली अशी कुटुंबे तुलना करून पाहिली, तेव्हा रजा मिळालेल्या कुटुंबांत पुढचे मूल उशिरा होत होते आणि पुरुषांना हवी असलेली मुलांची संख्याही कमी झालेली आढळली. एक अर्थ असा लावला जातो की संगोपनात किती श्रम असतात याची पुरुषांना प्रत्यक्ष कल्पना आली. मी त्यावर मोठ्याने हसलो होतो, कारण आमचेही एकच मूल आहे, आणि दुसऱ्याला आधी 'नको' म्हणणारा मी होतो.

केवळ कायदा करून भागत नाही हेही खरे. जपानमधील बापांची रजा जगातील सर्वांत उदार रजांपैकी आहे, तरी २०१२ साली पात्र पुरुषांपैकी दोन टक्क्यांनीही ती घेतली नव्हती. २०२३ साली ते प्रमाण सुमारे ३० टक्के आणि २०२४ साली सुमारे ४० टक्के झाले, कारण मधल्या काळात कंपन्यांनी प्रत्येक बापाला रजेबद्दल स्वतःहून विचारलेच पाहिजे असे बंधन आले आणि मोठ्या कंपन्यांना किती बापांनी रजा घेतली तो आकडा जाहीर करावा लागू लागला. त्याच २०२३ साली जपानचा जननदर १.२० होता आणि पुढच्या वर्षी १.१५. रजा वाढली, जन्म घटले. यावरून रजा निरुपयोगी ठरते असे मला वाटत नाही. माझी मुलगी रात्री घाबरून उठली की दोघांपैकी कोणालाही हाक मारते, आणि हा लाभ कोणत्याही जननदरात मोजला जाणार नाही.

साक्षेपी

सर्वांचा आभारी आहे. स्वल्पविराम, आपली हरकत मान्य; मी प्रश्न पुन्हा वाचला आणि माझ्याही लेखी समानतेला जणू जन्माचा दाखला जोडावा लागत होता, हे लक्षात आले. बैठकीत मी ते आधी सांगेन. रात्रपाळी, स्पेनचा पुरावा मी मुद्दाम मांडणार आहे, कारण तो माझ्या सोयीचा नाही.

एक उपप्रश्न उणेअधिक यांना. आपण विवाह आणि जन्म एकाच दमात घेतले. फ्रान्समध्ये निम्म्याहून अधिक मुले अविवाहित पालकांना होतात, आइसलंडमध्ये त्याहूनही जास्त. कोरियात ते प्रमाण २०२३ साली पाच टक्क्यांहूनही कमी होते. मग कोरियात खरे संकट विवाहाचे आहे असे म्हणावे का? आणि २०२४ साली तेथील जननदर ०.७५ झाला, विवाहही वाढले, असे वाचले. ते नव्या धोरणांचे यश समजावे काय?

उणेअधिक

पहिल्याचे उत्तर बव्हंशी होय. जेथे विवाह हा मूल होण्याचा एकमेव मान्य दरवाजा आहे, तेथे त्या दरवाजावर लिहिलेल्या सगळ्या अटी, म्हणजे घर, सासर, नोकरी सोडण्याची अपेक्षा, मुलाच्या जन्मालाही लागू होतात. मूल हवे असलेली पण त्या अटी नको असलेली स्त्री तेथे दोन्ही नाकारते, आणि आकड्यांत तिची नोंद 'मूल नको' अशी होते. जपानमध्येही हेच दिसते. २०२० साली पन्नाशीपर्यंत एकदाही लग्न न झालेल्यांचे प्रमाण पुरुषांत सुमारे २८ टक्के आणि स्त्रियांत सुमारे १८ टक्के होते. यात पुरुष अधिक आहेत, ही गोष्ट आपल्या ज्येष्ठ सभासदांना आवर्जून सांगावी. जपानमध्ये कमी उत्पन्नाच्या आणि कंत्राटी नोकरीतल्या पुरुषांची लग्ने होत नाहीत, कारण घर चालवणे हे पुरुषाचेच काम अशी अट त्याच दरवाजाच्या दुसऱ्या फळीवर लिहिलेली आहे.

दुसऱ्याबद्दल घाई करू नये. २०२४ साली कोरियात विवाह सुमारे १५ टक्क्यांनी वाढले हे खरे, पण त्यात महामारीमुळे लांबलेले विवाह आहेत, आणि १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात जन्मलेली तुलनेने मोठी पिढी आता तिशीत आली आहे. त्या पिढीच्या पाठीमागून येणारी पिढी बरीच लहान आहे. धोरणांचा वाटा किती, हे ती पिढी तिशीत पोहोचल्यावर कळेल.